डोक्याने पाणी पिणारे झाड



मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे. कॉलेजात मराठी शिकवतो, आणि घरी एक तुळस, थोडा गवती चहा नि परसातली जास्वंद एवढाच माझा बागकामाचा अनुभव. दोन वर्षांपूर्वी माझी पुतणी बदलीच्या गावी निघाली, तेव्हा एक कुंडी माझ्या हाती देऊन म्हणाली, "काका, हिला सांभाळा." मी हो म्हणालो. झाडाला पाणी घालायचं, त्यात काय मोठंसं!

झाड दिसायला मोठं ऐटबाज. चामड्यासारखी जाड पानं, त्यांवर रुपेरी पट्टे, कडेला बारीक काटे. पानं एकमेकांत अशी बसलेली की मधोमध जणू एक पेलाच तयार झालेला. त्या पेल्यातून गुलाबी तुरा वर आलेला, आणि तुऱ्यात इवलीशी निळी फुलं. हे ब्रोमेलियाड, जात एक्मिया, मूळ गाव ब्राझील. ओलाफ ब्रोमेलियस या स्वीडिश वैद्याच्या नावावरून या कुळाला नाव पडलं. नाव परकं वाटेल, पण या कुळातला एक गृहस्थ आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे अननस. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी त्याला इकडे आणलं.

मी रोज सकाळी तांब्याभर पाणी बुडाशी ओतू लागलो. महिन्याभरात खालची पानं पिवळी पडली. मला वाटलं पाणी कमी पडतंय. मी दोन तांबे घालू लागलो. पुढे तुराही वाळला आणि झाड मलूल झालं. घरात म्हणाले, "आता टाकून द्या." पण पुतणीला काय सांगायचं? शेवटी आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना घरी बोलावलं. त्यांनी कुंडी उचलली, बुडातून चिखल गळताना पाहिला आणि हसून म्हणाल्या, "सर, हे झाड डोक्याने पाणी पितं. तुम्ही त्याचे पाय बुडवताय."

त्याचं असं आहे. ब्राझीलच्या जंगलात एक्मिया बहुधा दुसऱ्या झाडाच्या फांदीवर राहते. बांडगुळासारखी नव्हे, बरं का! बांडगूळ यजमानाचा रस शोषतं. ही आपल्याकडच्या सीतेच्या वेणीसारखी नुसती बसायला जागा मागते. मुळं मुख्यतः फांदी धरून राहण्यासाठी. पावसाचं पाणी पानांच्या पेल्यात साठतं आणि पानांवरचे सूक्ष्म खवले ते शोषून घेतात. जमैकात तर एक खेकडा या कुळातल्या झाडांच्या अशाच पाण्यात आपली पिलं वाढवतो!

म्हणून पाणी पेल्यात घालायचं, बुडाशी नुसता ओलावा ठेवायचा. आपली काळी माती हिला चालत नाही. मी नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि विटांची खडी घातली. कुंडी लहानच बरी. जागा उजेडाची हवी, पण दुपारचं ऊन नको. विहिरीच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग धरतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर सोनंच. आणि तांबं हिला विष आहे. बागाईतदार मंडळींनो, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण बागेत फवारताना ही कुंडी आधी आत न्या. तांब्याच्या घागरीतलं पाणीही मी हिला घालीत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. साठलेलं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण, आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. दर चार-पाच दिवसांनी कुंडी तिरपी करून जुनं पाणी ओतून टाकावं नि ताजं भरावं. शाळेत कुंडी ठेवणाऱ्या गुरुजींनी हे काम मुलांकडे वाटून द्यावं. मुलं ते आवडीने करतात.

माझा दुसरा अपराध मात्र अपराध नव्हताच. तुरा वाळला तो माझ्या हातून नव्हे. केळीला घड एकदाच येतो, तसंच हिचं. एकदा फुललं की ते रोप हळूहळू संपत जातं. त्याला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. पण त्याआधी बुडाशी मुनव्यांसारखी पिलं फुटतात. ज्या दिवशी घरात "टाकून द्या" म्हणत होते, त्याच दिवशी बाईंनी पान बाजूला सारून मला दोन हिरवी टोकं दाखवली. मी कुंडी टाकली असती तर ती दोन्ही उकिरड्यावर गेली असती.

पिलांची घाई करू नये. ती आईच्या निम्म्याएवढी झाली की धारदार चाकूने थोड्या मुळासकट वेगळी करावी. फूल यायला आणखी दोन-तीन वर्षं. रोप पुरतं वाढूनही फुलत नसेल, तर पेला रिकामा करून झाडाभोवती पिशवी बांधावी आणि आत एक पिकलेलं सफरचंद आठवडाभर ठेवावं. पिकत्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने फूल धरतं.

एक पिलू मी पुतणीकडे धाडलं. दुसरं खिडकीत आहे. मूळच्या रोपाची खालची पानं वाळली, पण मधली चार अजून हिरवी आहेत. त्यांच्या पेल्यात मी आज सकाळीच पाणी बदललं.