खुल्या दाराचे उंबरे

सार्वजनिक वाचनालय सर्वांना खुलं असतं, तरी ठरावीक घरांतलीच माणसं तिथं येतात. असं का? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी सहकाऱ्यांसह कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांचा अभ्यास करून १९६६ मध्ये दाखवलं, की प्रवेश फुकट असला तरी शिक्षण आणि घरचं वळण आड येतं. ग्रंथपालांनी हे मनावर घ्यायलाच हवं. अनामत रक्कम, ओळखीच्या सभासदाची सही, मजूर बाई कामावर असताना उघडणारं आणि ती परतेपर्यंत बंद होणारं वाचनालय, हे सगळे उंबरेच आहेत. कुणी म्हणेल, ग्रंथपालानं पुस्तकं सांभाळावीत, समाजाची उठाठेव कशाला? पण ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या ग्रंथालयविषयक पंचसूत्रीतलं दुसरं सूत्रच प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, असं सांगतं. म्हणून सभासदांची नोंदवही गावातल्या वस्त्यांशी ताडून पाहावी, आणि ज्या आळीतून एकही नाव नाही तिथं आधी पुस्तकांची पेटी न्यावी.