सहलीचा शेवटचा दिवस

श्रोतेहो, शाळेची सहल नाशिकला निघाली म्हणजे तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. एक दिवस त्र्यंबकेश्वर, एक दिवस पांडवलेणी. आणि शेवटचा दिवस? तो जातो चिवड्याची पुडकी घेण्यात, पिशव्या मोजण्यात आणि एस.टी.ची वाट पाहण्यात. आज मला या शेवटच्या दिवसाची बाजू मांडायची आहे. त्या दिवशी यादीतलं काही पाहायचं उरलेलं नसतं, म्हणूनच गाव पायी हिंडता येतं. आणि पायी हिंडल्यावाचून गाव कळत नाही.

सकाळी आधी रामकुंडावर जा. मुलांना सांगा, हीच गोदावरी तुम्ही परवा पाहिलेल्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, पुढे पैठण-नांदेडवरून जाते आणि आंध्रात समुद्राला मिळते. तिथून पंचवटीत काळाराम मंदिर चालत सहज गाठता येतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधवलेलं हे काळ्या दगडाचं देऊळ. त्याची बांधणी मुलांना दाखवाच. पण आत शिरण्यापूर्वी दरवाजाशी दोन मिनिटं थांबा.

२ मार्च १९३० रोजी याच दरवाजांशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे एक प्रमुख आधारस्तंभ होते. मागणी एवढीच, की आम्हालाही आत येऊ द्या. सत्याग्रह काही वर्षं चालला, पण दार उघडलं नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं बाबासाहेबांनी जाहीर केलं.

काही वर्षांपूर्वी मी कॉलेजची मुलं घेऊन इथं आलो होतो. ही हकीकत सांगून झाल्यावर एक विद्यार्थी मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "सर, माझ्या पणजोबांना इथवरच येता आलं असतं ना?" मी म्हटलं, "हो, इथवरच." त्यानं उंबरठ्याकडे एकदा पाहिलं आणि तो आत गेला.

नंतर आम्ही पूल ओलांडून गावात आलो आणि मिसळ खायला बसलो. नाशिकची मिसळ म्हणजे मटकीची उसळ, वर शेव नि कांदा, लिंबाची फोड, सोबत पाव, पापड, दही आणि वेगळ्या भांड्यात झणझणीत रस्सा. बाक अपुरे, मुलं दाटीवाटीनं बसलेली. आणि तोच मुलगा उठून सगळ्यांना रस्सा वाढत होता. कुणी कुणाची जात विचारली नाही. मला मात्र आपल्या राज्यघटनेचं पंधरावं कलम आठवलं. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांत जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, असं त्यात एकेक नाव घेऊन लिहिलं आहे. एवढं नाव घेऊन का लिहावं लागलं, हे त्या सकाळी घाटावरून देवळाकडे आणि देवळाकडून मिसळीच्या बाकाकडे येताना मुलांना आपोआप कळलं. वर्गात हेच कलम मी कितीदा शिकवलं होतं!

दुपारी भांडी बाजारातून चक्कर मारा. तांब्या-पितळेची भांडी पाहू द्या. वेळ उरला तर १८४०मध्ये स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय दाखवा. चिवडाही घ्या, नको कोण म्हणतो? घरी वाट पाहणारी धाकटी भावंडं असतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक सुचवतो. परतल्यावर 'आमची सहल' हा ठरीव निबंध देऊ नका. एवढंच विचारा: शेवटच्या दिवशी तू काय खाल्लंस, आणि कुणाच्या शेजारी बसून? उत्तरं जपून वाचा. एखाद्या मुलानं शेजाऱ्याचं नाव टाळलेलं दिसलं, तर समजा, आपली सहल अजून संपलेली नाही.