डबीवरचे नाव



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर ऐकता, इतिहासावर ऐकता, देशाच्या अर्थकारणावर ऐकता. तेथे आज आम्ही मेंदीची पुडी आणि क्रीमची डबी घेऊन उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. पण या डबीत व्यापाराचा, कायद्याचा आणि नीतीचाही एक प्रश्न दडलेला आहे. माल दुसऱ्याने केला आणि नाव आपण घातले, तर त्या मालाबद्दल जाब कोणी द्यावयाचा?

आज बचत गट, पार्लरे, लहानमोठे दुकानदार आणि घरबसल्या विक्री करणाऱ्या कितीतरी भगिनी हा धंदा करतात. क्रीम, तेल, उटणे कारखान्यातून तयार करून घ्यावयाचे आणि त्यावर आपल्या नावाचे लेबल लावावयाचे. यात गैर काहीच नाही. मात्र असे लेबल लावताना आपण काय पत्करतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

आमच्या परिचयाच्या एका भगिनीची हकीकत सांगतो. पार्लर चालवता चालवता त्यांनी आपल्या नावाची ‘काळी मेंदी’ विक्रीस आणली. माल आणि पुड्या कारखान्याच्या, लेबल बाईंचे. कारखान्याने दिलेल्या मजकुरात एक लांबलचक इशारा होता. पुडी लहान, अक्षरे फार, दिसावयास बरे दिसेना. म्हणून छपाईच्या वेळी तो गाळला आणि तेथे फुलांची वेल आली. एका गिऱ्हाइकाने मेंदी लावली. दुसऱ्या दिवशी कपाळ आणि पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. कारखानदार म्हणाला, “इशारा आम्ही दिला होता, लेबल तुमचे.” बाईंनी विम्याचे कागद काढले, तर तो विमा आगीचा आणि चोरीचा! उपचाराचा खर्च त्यांनी दिला, हात जोडून क्षमा मागितली, उरलेला माल परत घेतला. दृष्टी वाचली, म्हणून प्रकरण तेथेच मिटले.

त्या गाळलेल्या चार ओळींना मोठा इतिहास आहे. काळ्या मेंदीत पुष्कळदा पॅराफेनिलीनडायअमीन नावाचे रसायन मिसळलेले असते. अमेरिकेत 1933 च्या सुमारास ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्यांचा रंग विकला जाई. त्यातही हेच रसायन होते. त्याने स्त्रियांचे डोळे गेले. तेथील 1906 च्या कायद्याला सौंदर्यप्रसाधनांवर अधिकारच नव्हता. तो 1938 च्या कायद्याने आला. आपल्याकडे 1940 च्या औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेश 1962 च्या दुरुस्तीने झाला, आणि 2020 साली त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम झाले. केसांच्या अशा रंगावर इंग्रजीत व स्थानिक भाषेत इशारा छापावा लागतो: आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूस थोडासा लावून चोवीस तास पाहावे, भुवयांना व पापण्यांना मुळीच लावू नये, अंधत्व येऊ शकते. कोणाचे तरी डोळे गेले तेव्हा जगाला कळलेली ही गोष्ट आहे. ती पुसून तेथे वेल काढावयाची नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादक कोणास म्हणावे हे सांगताना, दुसऱ्याने केलेल्या वस्तूवर जो स्वतःचे चिन्ह लावतो किंवा लावून घेतो, त्यासही उत्पादकच म्हटले आहे. वस्तूत दोष असेल, किंवा ती कशी वापरावी आणि कशी वापरू नये हे पुरेसे सांगितले नसेल, आणि त्यातून इजा झाली, तर भरपाईचा दावा त्याच्यावर येऊ शकतो. “आम्ही केवळ विकतो” ही सबब त्याला उरत नाही. शिवाय औषध कायद्याच्या दृष्टीने विक्रीसाठी माल पुड्यांत भरणे आणि त्यावर लेबल लावणे हीदेखील उत्पादनाचीच कामे होत. पोते आणून घरी पुड्या भरणाऱ्यांनी परवान्याची चौकशी आधी करावी.

मग लेबलावर काय हवे? मालाचे नाव, उत्पादकाचे नाव व जेथे तो प्रत्यक्ष तयार झाला तेथील पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कोणत्या महिन्यापर्यंत वापरावा ते, घटकांची यादी, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, आणि तक्रार कोठे करावयाची तो पत्ता व दूरध्वनी. यांत बॅच क्रमांक लोकांना निरर्थक वाटतो. पण माल बिघडला, तर कोणत्या पुड्या परत घ्यावयाच्या हे त्यावरूनच समजते. बॅच नसेल तर सगळाच माल संशयित ठरतो.

आणखी एक मोह टाळावा. “त्वचा मऊ होते” असे म्हणाल तोवर ते प्रसाधन आहे. “इसब बरा होतो” असे छापलेत की ते औषध झाले, आणि त्याचा परवाना वेगळा.

आता विमा. आगीच्या विम्याने हे काम होत नाही. दुकानात कोणी घसरून पडला तर भरपाई देणारा विमाही निराळा. आपल्या मालाने इजा झाल्यास येणाऱ्या दाव्यासाठी उत्पादन-दायित्वाचा विमा घ्यावा लागतो. तो घेताना काही गोष्टी विचाराव्या. बहुधा दावा ज्या मुदतीत येतो त्या मुदतीची पॉलिसी चालू असावी लागते; म्हणून धंदा बंद केला तरी विकलेला माल लोकांच्या कपाटात आहे हे विसरू नये. एका दाव्याची आणि वर्षाची मर्यादा किती, वकिलाचा खर्च तिच्यातच धरला आहे काय, हे पाहावे. कारखान्याच्या पॉलिसीत आपलेही नाव घालून घेता येते काय, हे विचारावे. अमेरिकेतील आप्तेष्टांच्या ओळखीने तेथे उटणे पाठवणाऱ्यांनी तर विशेष जपावे. अमेरिका आणि कॅनडातील दावे साध्या पॉलिसीत बहुधा वगळलेले असतात. अमेरिकेच्या 2022 च्या कायद्यातही, ज्याचे नाव लेबलावर, तोच जबाबदार मानला आहे.

परंतु विमा म्हणजे पापक्षालन नव्हे. सरकारी दंड त्यातून मिळत नाही, माल परत मागवण्याचा खर्च सहसा मिळत नाही, आणि जाणूनबुजून नियम मोडला असेल तर विमा कंपनी हात वर करते. आमच्या त्या भगिनीजवळ योग्य पॉलिसी असती, तरी गाळलेल्या इशाऱ्याचा प्रश्न आधी निघाला असता. लेबल खरे असेल तरच विम्याचा आधार.

बाईंचा धंदा आजही चालू आहे. पुडी आता मोठी आहे, वेल गेली आहे, आणि इशारा मराठीत, ठळक अक्षरांत आहे. खप कमी झाला काय, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “उलट लोक वाचतात आणि विचारतात. विचारणारे गिऱ्हाईक परत येते.”

आपल्याकडे नाव काढणे आणि नाव घालवणे असे दोन्ही वाक्प्रचार आहेत. डबीवर नाव छापण्यास चार पैसे पुरतात. ते राखण्यास डबीत काय आहे हे आधी स्वतः जाणून घ्यावे लागते. एवढेच आम्हांस सांगावयाचे होते.