एरंडेल तेल आणि इंग्रजांच्या शर्यती
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आम्ही आयुष्यभर व्याकरण शिकविले. तथापि मोटारसायकलीवर बोलण्याचा अधिकार आम्हांस थोरल्या बंधूंकडून वारसाहक्काने मिळाला आहे. त्यांच्याजवळ महायुद्धाच्या काळातील एक जुनी बी.एस.ए. होती. स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक इंजिनास आणि दुसरे कानास लावून ते डोळे मिटून बसत, तेव्हा मातोश्रींना वाटे की चिरंजीव जपास बसले आहेत. इंग्रज शर्यतवीरांच्या गोष्टी आम्ही प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकल्या. पुढे ग्रंथांतून पडताळून पाहिल्या.

त्या काळी इंग्लंडात रस्त्यावर ताशी 20 मैलांहून अधिक वेगास बंदी होती. म्हणून ही मंडळी समुद्र ओलांडून आइल ऑफ मॅन बेटावर गेली. 28 मे 1907 रोजी तेथे पहिली टी.टी. शर्यत झाली. 25 स्वार निघाले. दहा फेऱ्या पुऱ्या करावयाच्या, आणि मध्ये दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती! दोन सिलिंडरांच्या वर्गात नॉर्टनवरील रेम फाउलर विजयी झाले. निघण्यापूर्वी धीर यावा म्हणून त्यांनी पेलाभर ब्रँडी थोड्या दुधात घेतली होती. (दुधाचा असा उपयोग आपल्या मंडळींनी करू नये.) वाटेत प्लग बदलले, टायर फुटला, आणि आता सोडून द्यावे असे त्यांच्या मनात आले. तोच एका प्रेक्षकाने सांगितले, "अहो, आपण अर्ध्या तासाने पुढे आहात!" त्यांचा सरासरी वेग ताशी 36 मैलांच्या घरात होता. आज आपली एस.टी. याहून वेगाने धावते, परंतु ब्रँडीवाचून.

आता एरंडेलाकडे वळू. पुढे बसलेल्या बालगोपाळांची तोंडे वाकडी झालीच! पण हेच तेल शर्यतीच्या इंजिनांचे अमृत होते. कितीही ताप झाला तरी धातूवरील त्याचा थर टिकून राही. 'कॅस्ट्रॉल' हे नाव इंग्रजी 'कॅस्टर'वरूनच 1909 मध्ये पडले. मात्र ते खनिज तेलात मिसळत नाही आणि आत चिकट राळ साठवते. म्हणून शर्यत संपताच इंजिन उघडून धुवावे लागे. त्याच्या धुराचा वास जुन्या शौकिनांना अत्तरासारखा वाटे. आम्हांस मात्र केवळ आजीचा चमचा आठवतो.

इंजिन जुळविणे ही निव्वळ कानाची विद्या नव्हे, हे व्हेलोसेट कारखान्याने दाखविले. त्यांचे नवे इंजिन 1925च्या शर्यतीत टिकले नाही. कारण सापडेना; चालत्या इंजिनात डोळ्यांना दिसणार काय? तेव्हा त्यांनी स्ट्रोबोस्कोप आणला. हा दिवा इंजिनाच्या फेऱ्यांशी ताल धरून लुकलुकतो, त्यामुळे गरगर फिरणारा भाग स्थिर भासतो. पाहतात तो काय, वेग वाढताच व्हॉल्व्ह कॅमची संगत सोडून अधांतरी तरंगत होता! कॅमचा आकार सुधारला, आणि 1926 मध्ये अॅलेक बेनेट यांनी ज्युनिअर टी.टी. दहा मिनिटांहून अधिक फरकाने जिंकली. गोंधळ चालू असतानाच खोडकराला जागच्या जागी दाखविणारा असा दिवा आम्हांस नववीच्या वर्गात मिळता तर!

बंधूंची आवडती गोष्ट मात्र बीट्रिस शिलिंग या बाईंची. ब्रुकलँड्सच्या सिमेंटच्या वाटेवर शर्यतीत ताशी 100 मैलांहून वेगाने फेरी मारणाऱ्यास सुवर्णतारा मिळे. बाईंनी तो 1934 मध्ये नॉर्टनवर, ताशी 106 मैलांच्या फेरीने मिळविला. पुढे जॉर्ज नेलर यांनी मागणी घातली तेव्हा त्यांनी अट घातली की, आधी आपणही तारा मिळवावा; असे सांगतात. नेलरांनी तो मिळविला आणि 1938 मध्ये विवाह झाला. आमच्या वधूवर सूचक समितीच्या नमुन्यात उंची, वर्ण, पगार यांचे रकाने आहेत; हा रकाना नाही. हातांना ग्रीस लागलेल्या मुलीचा अर्ज मात्र समितीत मागे पडतो, हे आम्ही तेथे बसून पाहिले आहे.

याच बाई फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रात अभियंता होत्या. मर्लिन इंजिनाची लढाऊ विमाने शत्रूमागे एकदम नाक खाली घालून झेपावली की, कार्ब्युरेटरातील इंधनाचा ताल बिघडून इंजिन दम सोडी. जर्मन वैमानिक तेवढ्यात निसटत, किंवा उलटून मागे लागत. तरुण वैमानिकांच्या प्राणाशी गाठ होती. बाईंनी अंगुस्तानाएवढा, छिद्राचा एक पितळी तुकडा इंधनाच्या वाटेत बसविला. छिद्राचे माप असे की, पूर्ण शक्तीस लागेल तेवढेच इंधन जावे. 1941 च्या आरंभी तो बसविण्यासाठी त्या विमानतळांवर फिरल्या. आणि त्याही आपल्या जुन्या नॉर्टनवर बसूनच.