फॉर्म भरणाऱ्याला विचारा



आज आम्हाला बोनसवर किंवा रिक्त जागांवर बोलायचे नाही, फॉर्मवर बोलायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. पण हल्ली आमच्या युनियन कार्यालयात येणारी निम्मी माणसे हातात मोबाईल धरून येतात आणि एकच वाक्य बोलतात, "दादा, हे पुढे जात नाही."

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही संगणकाच्या विरोधात नाही. रेल्वेचे संगणकीय आरक्षण दिल्लीत १९८६ च्या सुमारास सुरू झाले, २००२ साली तिकीट घरबसल्या निघू लागले, २०२० साली ई-पास आला. एका पाससाठी पूर्वी लाइनवरच्या माणसाचा अख्खा दिवस कार्यालयाच्या व्हरांड्यात जात असे. तो दिवस वाचला असेल तर आम्ही त्याचे स्वागतच करू. आमची तक्रार आहे ती बसणाऱ्याचे माप न घेता खुर्ची बनवण्याबद्दल.

चांगला फॉर्म कसा असतो हे आपल्या दोन्ही खात्यांना फार जुने ठाऊक आहे. आरक्षणाची चिठ्ठी आठवा. हाताएवढा कागद. गाडी, तारीख, कुठून कुठे, नाव, वय, झाले. काही चुकले तर खिडकीतला आपलाच बुकिंग क्लार्क विचारायचा, "आजोबांचे वय लिहायचे राहिले का?" टपाल खात्याचा पिनकोड घ्या. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो लागू झाला आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ होते, संस्कृतचे मोठे पंडित. एकाच नावाची गावे अनेक, पत्ते लिहिण्याच्या लिप्या अनेक, आणि छाटणी करणाऱ्याला त्यातली एखादीच येणार. म्हणून सहा आकडे. छाटणीच्या टेबलाशी रात्रपाळीला उभ्या असलेल्या माणसाची अडचण डोळ्यासमोर ठेवून काम झाले, म्हणून पन्नास वर्षे टिकले. आणि आजचे फॉर्म काय करतात? आधी पिनकोड घेतात आणि मग राज्य विचारतात, जिल्हा विचारतात, तोही छत्तीस नावांच्या यादीतून बोटाने सरकवत शोधायचा.

आता नावाचे पाहू, कारण सगळ्यात जास्त माणसे इथेच अडकतात. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी रीत. पण ज्यांची भरती पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी झाली, त्या गँगमन, खलाशी मंडळींच्या सर्व्हिस बुकात कारकुनाने आडनाव लिहिलेलेच नाही. समजा, 'रामा धोंडू'. संपले. आधारवर तेच नाव आडनावासह तीन शब्दांचे. पॅन कार्डावर स्पेलिंग तिसरेच. विठ्ठलमध्ये एक 'टी' की दोन, यावर माणसाची ग्रॅच्युइटी अडलेली आम्ही पाहिली आहे. फॉर्मात आडनावाच्या रकान्यावर लाल चांदणी, म्हणजे भरलेच पाहिजे. भरले तर सर्व्हिस बुकाशी जुळत नाही. न भरले तर पुढचे पान उघडत नाही. हुबळी, सिकंदराबादकडच्या आमच्या बांधवांना विचारा. तिकडच्या सहकाऱ्यांच्या नावामागे नुसते आद्याक्षर असते, त्यांची गत याहून वाईट. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींबद्दल तर बोलायलाच नको.

क्वार्टरचा पत्ता लिहायचा तर नंबरात तिरकी रेघ असते. फॉर्म म्हणतो, रेघ चालणार नाही. अहो, ही रेघ आम्ही मारलेली नाही, दारावर रेल्वेनेच रंगवून दिली आहे! कागद जोडायचा तर शंभर केबीच्या आत हवा. जुन्या सर्व्हिस बुकाचे पान तेवढे लहान केले की वाचता येत नाही, आणि मग 'अवाच्य' म्हणून परत येते. दरम्यान सायबर कॅफेवाल्याचे पन्नास-शंभर रुपये वसूल झालेले असतात.

कागदाच्या फॉर्मला समास असायचा. रकान्यात बसले नाही तर बाजूला लिहिता यायचे, "कृपया मागील पान पाहावे". कारकून कुरकुर करायचा, पण वाचायचा. पडद्यावर समास नाही. माणसाचे आयुष्य रकान्यात बसले नाही तर पडदा फक्त लाल होतो आणि म्हणतो, 'इनव्हॅलिड इनपुट'. कोणता रकाना, काय चुकले, काही नाही. तेही इंग्रजीत. स्टेशनच्या पाटीवर मराठी पहिल्या ओळीत असते. त्याच स्टेशनातल्या कामगाराच्या फॉर्मवर ती शेवटच्या ओळीतही नसते.

लाइनवर काम करणारा आमचा एक सभासद नोकरीत असताना वारला. कार्यालयाचे नाव घेत नाही. त्याच्या पत्नीने कुटुंब पेन्शनचा फॉर्म भरायला घेतला. मुलगा बारावीतला, त्याने सगळे नीट भरले. शेवटी ओटीपी मागितला. ओटीपी गेला कुठे? नोंदवलेल्या नंबरवर, म्हणजे वारलेल्या माणसाच्या नंबरवर. घरात दुःख, त्या फोनला रिचार्ज कोण करणार? नव्वद दिवस वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते, तसा तो झाला होता. नंबर बदलायचा दुसरा फॉर्म होता. तो उघडायलाही ओटीपी लागत होता, त्याच नंबरवरचा. तक्रार करावी तर तिलाही ऑनलाइन फॉर्मच! त्या बाई तीन वेळा साठ-सत्तर किलोमीटर एसटीने आल्या. खिडकीवर उत्तर एकच, "सिस्टीम घेत नाही." शेवटी आम्ही साध्या कागदावर अर्ज लिहून आवक शिक्का मारून घेतला आणि अधिकाऱ्यांसमोर बसलो, तेव्हा नंबर बदलला. चार महिने त्या घराने उसनवारीवर काढले. ज्या माणसाने हा फॉर्म बनवला, त्याच्या मनात अर्जदार जिवंतच होता. कुटुंब पेन्शनचा फॉर्म असून!

हयातीच्या दाखल्याचेही असेच. २०१४ साली तो अंगठ्यावर सुरू झाला. तीस वर्षे खडी आणि बीटर हाताळलेल्या माणसाच्या बोटावर रेषा राहतात का? यंत्र चार-चार वेळा नाकारते. २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, ही सुधारणा चांगली झाली. पण जिथून पेन्शन मिळते तिथे स्वतः हजर राहून कागदी दाखला देणेही चालते, हे आपल्या निवृत्तांना कोणी ठासून सांगत नाही. तुम्ही सांगा. आणि घरी दाखला घ्यायला येणाऱ्या पोस्टमनवर रागावू नका. त्याच्या हातातले यंत्र अडले तर शिव्या त्याला आणि हिशेबही त्यालाच. रेल्वेचा पेन्शनर आणि टपालाचा पोस्टमन एकाच अडलेल्या पडद्याच्या दोन बाजूंना उभे आहेत.

सरकारने स्वतःच संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक नियमावली काढली, २०२३ साली तिची तिसरी आवृत्ती आली. ती ज्या मानकांवर उभी आहे त्यांत, चूक कोणत्या रकान्यात आहे ते भरणाऱ्याला शब्दांत सांगावे, असे आहे. म्हणजे आम्ही नवे काही मागत नाही. अर्धा भरलेला फॉर्म जपून राहावा, कारण वाडीवर रेंज बांधावर उभे राहिल्यावरच येते. शेऱ्यासाठी एक मोकळी चौकट असावी आणि ती वाचणारा माणूस असावा. सिस्टीमने नाकारले तर कागदी अर्ज शिक्क्यानिशी घेण्याचे बंधन असावे. नवा फॉर्म लागू करण्यापूर्वी दहा ट्रॅकमन आणि दहा ग्रामीण डाक सेवकांना मुख्यालयात बसवून तो भरायला लावावा, आणि बनवणाऱ्याने मागे गप्प उभे राहून पाहावे. आमच्या मते ही शेवटची मागणी सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिला खर्च जवळजवळ नाहीच.

पण नुसते "पोर्टल चालत नाही" म्हणून पीएनएममध्ये किंवा जेसीएममध्ये काही हलत नाही. प्रशासन म्हणते, तुमच्या लोकांना भरता येत नाही. म्हणून प्रत्येक शाखेने एक वही ठेवावी. कोणता फॉर्म, कोणता रकाना, तारीख, काय संदेश आला, आणि त्यापायी माणसाचे काय अडले. शक्य असेल तर पडद्याचा फोटो. ज्यांनी असे फोटो आणले आहेत त्यांनी ते जेवणाच्या सुट्टीत दाराजवळच्या टेबलावर द्यावेत. मागे शाखेचे नाव लिहायला विसरू नका. आधार क्रमांक दिसत असेल तर तो आधी शाईने खोडा.