ओठ चुरचुरतो तेव्हाच

मी बडोद्याची. दर मे महिन्यात ऊन लागलं की माझ्या ओठाच्या कडेला पाण्याचे फोड यायचे. आई म्हणायची, "अंगातला ताप फुटला, तूप लाव." आठवडाभर मी ओढणीनं तोंड झाकून फिरायचे.

गेल्या वर्षी भाचीच्या बारशाच्या आदल्या दिवशी ओठ चुरचुरू लागला. मी थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्या म्हणाल्या, "हा हर्पिसचा विषाणू. एकदा शिरला की मज्जातंतूत दडून राहतो. ऊन, ताप, जागरण झालं की डोकं वर काढतो. गोळीनं तो कायमचा जात नाही, फक्त त्याची वाढ थांबते. म्हणून चुरचुरताच घ्यायची, फोड आल्यावर फायदा कमी."

मला व्हॅलासायक्लोव्हिर दिलं: दोन ग्रॅम, बारा तासांनी पुन्हा दोन ग्रॅम, बस. वारंवार फोड येणाऱ्यांना रोजची छोटी मात्राही देतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलते. तेव्हा माझं ऐकून गोळी घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

फोड लहानच आला. पण गोळी घेतली तरी संसर्ग होऊ शकतो, आणि बारा दिवसांच्या बाळाच्या तो जिवावर बेततो. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा होता. मी वहिनीला कारण सांगितलं आणि चुलतबहिणीला पुढे केलं. लांबूनच नाव ऐकलं. वाईट वाटलं, पण ओढणी मात्र त्या दिवशी घेतली नाही.

आता गोळी घरात असते. ओठ चुरचुरला की मी वाट पाहत नाही.