तुकडे, सांधे आणि माया
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



पाककृती आणि विणकाम यांवर अधिकाराने बोलणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. माझ्या वाट्याला विषय आला आहे तो घरच्या व्हिडिओंची जुळवाजुळव. वरवर नवखा वाटला, तरी ज्यांनी गोधडी शिवली आहे त्यांना तो परका नाही.

हे काम आपल्या बायकांना नवे आहे असेही नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. त्या काळी कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई फाळके संसार सांभाळून करीत. फीत तेव्हा खरोखरीच्या कात्रीने कापून चिकटवावी लागे. आज आपली कात्री मोबाईलच्या पडद्यावर आहे आणि चुकलेला काप मागे घेता येतो. परंतु सगळ्याच चुका मागे घेता येत नाहीत.

माझीच चूक सांगते. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला त्यांचे औक्षण केले, तेव्हा नातीने चार सेकंदांचा एक तुकडा टिपला. पहिले तीन सेकंद त्या खाली पाहत होत्या. शेवटच्या सेकंदाला मान वर करून हसल्या. मी हौसेने सगळे तुकडे जोडले आणि प्रत्येक सांध्याला पान उलटल्याची नक्षी घातली. ते हसू नेमके उलटणाऱ्या पानाखाली गेले. जागा हवी म्हणून मूळ तुकडा मी पुसून टाकला होता. पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. घरात सर्वांना ते हसू आठवते, पण दाखवायला मात्र ते कोठेच नाही.

असे का होते, ते साध्या हिशेबाने कळेल. एक चित्र विरत असताना दुसरे उमटते, त्या सांध्याला डिझॉल्व्ह म्हणतात. त्यात दोन्ही तुकडे काही काळ एकमेकांवर चढतात. तीन सेकंदांचे दहा तुकडे म्हणजे तीस सेकंद. मधल्या नऊ सांध्यांना एकेक सेकंदाचा डिझॉल्व्ह दिला की नऊ सेकंद सांध्यांतच जातात आणि उरतात एकवीस. मधला प्रत्येक तुकडा स्वच्छ दिसतो तो केवळ एक सेकंद! खाली लावलेल्या गाण्याचा मेळही त्यामुळेच चुकतो.

यावर उपाय आपल्या शिवणातच आहे. पोलके बेतताना आपण शिलाईत माया ठेवतो. तशीच ती चित्रीकरणातही ठेवावी. बटण दाबल्यावर मनात तीन अंक मोजावेत, मग प्रसंग घडू द्यावा, आणि तो संपल्यावर पुन्हा तीन मोजून मगच थांबावे. म्हणजे सांधा मायेत बसतो, मुख्य चित्राला धक्का लागत नाही.

दुसरे असे की, सरळ काप हाच सर्वांत चांगला सांधा. त्याला वेळ लागत नाही. निरांजनाकडे हात जाताना एक चित्र तोडावे आणि हात निरांजनाला पोहोचतो तेथून जवळचे चित्र सुरू करावे. हालचाल पुढे चालू राहिली की सांधा डोळ्याला जाणवतही नाही. डिझॉल्व्ह घालावा तो वेळ किंवा जागा बदलली तरच, म्हणजे सकाळची पूजा संपून संध्याकाळची पंगत येते तेथे. तुकडे लहान असतील तर तो अर्ध्या सेकंदाचा पुरे. चांदण्या, फुले, फिरणारे चौकोन यांचा मोह टाळावा. सगळ्याच भाज्यांत गरम मसाला घालीत नाहीत.

आवाजालाही सांधा असतो. आजीचे बोलणे चालू ठेवून वर नातवंडांचे चित्र आणले, तर दोन तुकडे सहज एकजीव होतात.

शेवटची विनंती. जुळवलेली चित्रफीत कितीही सुरेख झाली, तरी मूळ तुकडे पुसू नका. त्यांची एक प्रत मोबाईलबाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवा आणि मगच जागा मोकळी करा. सांधा पुन्हा घालता येतो; पण मूळ कापडच हरवले, तर कितीही कुशल हात काय करणार?